खातरजमेचा फोन

पुण्याचा फोन आला तवा मी म्हशीखाली बसले व्हते. दोन्ही हात सडाला, चरवी गुडघ्यात धरलेली, आन कमरेला खोचलेला फोन नुसता थरथराया लागला. म्हैस आधीच नखऱ्याची. तिनं शेपूट हाणलं, मी तिला एक शिवी हासडली आन फोन कानाला लावला. पलीकडून एक मानूस लई गोड आवाजात म्हनला, "नमस्कार, मंजुळाबाई बोलताय का?"

"बोलतेय. कोन?"

"मी मोहन. जानकीताईंच्या मासिकातून बोलतोय. त्यांनी तुमच्या गावावर जे लिहिलंय ते बरोबर आहे ना, एवढंच विचारायचं होतं."

झालं!  पोरीच्या मागं चौकशी लागली म्हनायची. आमच्याकडं असं कुनी गोड बोलून 'एवढंच इचारायचं व्हतं' म्हनलं की समजून जायचं, कुनाची तरी भाकर हिसकावनार. अंगनवाडीच्या बाईला असंच काढलं. पान्याच्या टाकीवरल्या रामकिसनला असंच काढलं. आधी कुनीतरी भला मानूस येतो, च्या पितो, 'काम बरं करतो ना हा?' इचारतो, आन म्हैना उलटायच्या आत मानूस घरी बसतो.

तवा मी मनाशी ठरवलं, हा काय बी इचारू दे, हो म्हनायचं.

"तुमची दूध सोसायटी फक्त बायकांची आहे?"

"हो."

"तुम्ही तिच्या चेअरमन?"

"हो. कावून? बाईमानूस नसतं का चेअरमन?"

"असतं की. छावणीत सावलीची जाळी जनावरांवर होती, माणसांवर नव्हती, असं तुम्ही म्हणालात?"

"म्हनले. अजून म्हनन. छावनीवाल्या सुंदररावाच्या तोंडावर म्हनन."

पलीकडं मोहनराव जरासा हसला. मग त्यानं आवाज खाली घेतला. "आता एक अवघड विचारतो. छबुबाई कुठे वारल्या? घरी, की छावणीत?"

माझा हात सडावरच थांबला. मी म्हनलं, "जानकीनं काय लिवलंय?"

"ते मी नाही सांगायचं. तुम्ही सांगायचं."

"तिनं लिवलंय तसंच झालं."

"म्हणजे कसं?"

"तिनं लिवलंय तसं! त्या पोरीनं आयुष्यात खोटं लिवलं न्हाई, समजलं का? ठिवा आता फोन, माझी धार राह्यली."

आन मीच फोन बंद केला. लई मोठा पराक्रम केल्यावानी वाटलं तवा.

आता जानकी कोन, ते सांगते. केज तालुक्यातली पोर. आई-बाप उसाला जानारे, हिनं उसाच्या फडावर पाचटाच्या कोपीत बसून अभ्यास केला, शिकली, आन पुण्याच्या एका मासिकात लिवाया लागली. गेल्या दुष्काळात आमच्या छावणीत पयल्यांदा आली. आमच्या गावापासून माजलगावचं धरण काही लांब न्हाई, पन आमी वरच्या अंगाला. पानी खाली जातं, खालच्या उसाला. त्या साली तर धरनातच काही राह्यलं नव्हतं. मग सुंदररावानं आपल्या संस्थेच्या नावावर माळावर चारा छावणी उघडली, आन गावातली सगळी जित्राबं तिकडं गेली. बाप्ये उसाला गेलेले. जनावरांसंगं ऱ्हायला आमी बायाच.

पेपरवाले तिकडं लई यायचे. उभ्या-उभ्या यायचे, हडकुळ्या बैलापाशी एखाद्या म्हातारीला उभी करायचे, फोटू काढायचे आन धुरळा उडवीत जायचे. दुसऱ्या दिशी छापून बी यायचं. ही बया आली ती पोत्यावर बसली आन बसूनच राह्यली. काही इचारीना. मीच म्हनलं, "अगं, काय इचारायचं ते इचार की. नुसती म्हशी मोजतीस का?" तर म्हनते, "मावशी, तुमचं काम उरकू द्या. मला घाई न्हाई."

रात्री बी तिथंच ऱ्हायली, आमच्यात, पोतं अंथरून. सकाळी आमी सोसायटीचं दूध छावणीतच गोळा करायचो, सिदू टेम्पोत कॅन घालून न्यायचा. गाव रिकामं झालं, विहिरी रिकाम्या झाल्या, पन बायांनी सोसायटी एक दिस बंद पडू दिली न्हाई, हे तिला लई भावलं. त्याच्यावरच लिवनार म्हनली. मला वाटलं, चार-आठ दिसात छापून ईल. कशाचं काय! ती पावसाळ्यात आली. दिवाळीला आली. संक्रांतीला आली. तहसिलीत गेली, ढोरांच्या डाक्टरकडं गेली, टँकरवाल्याकडं गेली.

मी एकदा चिडलेच. "पाऊस पडला, छावनी उठली, आता काय उकरतीस बाई?"

ती म्हनली, "पाऊस पडला की सगळ्यांचं लक्ष उडतं, मावशी. मागं काय ऱ्हातं ते कोनच बघत न्हाई. मला ते बघायचंय."

आन एकदा तर सुंदररावाच्या बैठकीत बसून च्या पिऊन आली! माझ्या तळपायाची आग मस्तकात. म्हनलं, आमची भाकर खातीस आन त्याचा च्या पितीस? तर हात धरून म्हनते, "त्याचं बी ऐकून घ्यावं लागतं. त्याला न इचारता त्याच्यावर लिवलं, तर ते लिवनं नाही, भांडन झालं." असलं काही बोलायची आन मग माझ्याच चुलीपाशी बसून वांगं चिरायची. तिच्यावर रागवावं तरी कसं?

आता छबुचं सांगते. ते सांगितल्याबिगर पुढचं समजायचं न्हाई.

छबु माझी चुलत जाऊ. वयानं धाकटी, पन आमचं जावा-जावांचं नव्हतं, भनी-भनींचं व्हतं. तिचा नवरा आसाराम, माझा भावकीतला दीर, त्या साली उसाला गेलता. पट्टा पडला, म्हंजे तोडीचा हंगाम सरला, कारखाना बंद झाला, तरी तिकडंच बागायतीत कामाला राह्यला. गावात येऊन करनार काय? हितं छबु आपली म्हैस घेऊन माझ्या शेजारी छावनीत.

मानसांचा पान्याचा टँकर सुंदररावानं बंद केला व्हता. जनावरांच्या हौदातलं गाळून पीत व्हतो. वैशाखातलं ऊन, माळावर झाडाचं पान न्हाई. दुपारची येळ. छबु चाऱ्याची पेंढी घेऊन आली आन खालीच बसली. म्हनली, "बाई, डोळ्यापुढं अंधार येतोय." मी तिला जाळीखाली म्हशींच्या मधी वढत नेली. पन ऊन डोक्यात गेलतं. सिदूचा टेम्पो येईस्तवर छबु गेली.

आमी तिला गावात आनलं, आन आसारामला फोन केला. तो निघाला. तो येईपत्तूर आमी सगळ्या बाया तिच्या दारात बसलो व्हतो आन मला एकच जिकीर. त्याला सांगायचं काय? तुझी बायको खुट्ट्यापाशी शेनात पडून मेली, हौदातलं पानी पिऊन, आन तू तिकडं दुसऱ्याच्या बागा शिपत व्हतास? आमच्यात मानूस आपल्या घरात जावं, आपल्या अंथरुनावर, एवढी तर सगळ्यांची आस असती. मीच म्हनलं, बायांनो, आसारामला सांगायचं, छबु आदल्या रातच्याला घर झाडाया म्हनून घरी आल्ती आन झोपेतच गेली. काही तकलीफ झाली न्हाई. सकाळी बगाया गेलो तर गेलेली. समद्या हो म्हनल्या. गावानं बी तेच धरलं. आसारामला मी तेच सांगितलं, जानकीला बी तेच सांगितलं. पुढं पुढं तर इतक्यांदा सांगितलं की मलाच खरं वाटाया लागलं.

आसाराम मग उसाला गेलाच न्हाई. छबुची म्हैस संभाळत बसला. सोसायटी बायांची, बाप्याचं दूध घेता येत न्हाई, तर आमी सभा घेऊन खातं छबुच्याच नावावर चालू ठिवलं. रोज सकाळी चरवी घेऊन बायांच्या रांगेत गपगुमान उभा ऱ्हायचा. बाप्ये हसायचे. हसू देत.

तर त्या फोनानंतर मी गावभर आरोळी ठोकली, की पोरीची चौकशी लागलीय, कुनाला बी फोन आला तर हो म्हना. आन गाव बी असं गुनाचं! मोहनरावाचा फोन सोसायटीतल्या वत्सलाबाईला गेला. त्यानं इचारलं, छबुबाई घरी वारल्या का? हो म्हनली. की छावनीत वारल्या? हो, तसं बी म्हनता ईल, म्हनली. शेजारच्या पंडितानं तर न इचारताच जानकीला सोन्यासारखी पोर, देवमानूस, असं काय काय सर्टिफिकेट देऊन टाकलं. आमी खुश. पोर वाचली म्हनून.

दोन-तीन दिसांनी जानकी यष्टीतून उतरली ती डोळे सुजवून.

"मावशी, काय केलंत तुमी हे?"

"काय केलं? तुझी नोकरी वाचवली!"

ती डोक्याला हात लावून वट्ट्यावर बसली. हसाया लागली, आन हसता हसता रडाया लागली. मग तिनं समजावून सांगितलं. चौकशी-बिवकशी काही नव्हती. त्यांच्यात रीतच हाय तशी. एकानं लिवायचं आन छापायच्या आधी दुसऱ्यानं ज्याच्या त्याच्याकडून खातरजमा करायची, बाबा, तू हे बोललास का, हे असं झालं का. लिवनारा कितीबी इमानी असला तरी. उद्या कुनी बोट दाखवाया नगं.

"आन तुमी सगळ्यांनी सगळ्यालाच हो म्हनलं. आता कशावरच इस्वास ठिवता येत न्हाई."

"मग परत लाव म्हनावं फोन. आता नीट सांगतो."

तिनं ओढनीनं डोळे पुसले. मग म्हनली, "छबुमावशीचं काय सांगाल?"

मी चुलीत लाकूड सारलं.

"मावशी, मला सिदूनं सांगितलंय. तो टेम्पो घेऊन आल्ता, त्यानं बघितलंय. पन तो पोचला तवर त्या गेल्या व्हत्या. त्याच्या एकट्यावर आमचे संपादक छापनार न्हाईत. जवळ असलेलं कुनीतरी बोलाया पाहिजे. सुंदररावाला मी इचारलं, तर तो काय म्हनला माहितीय? माझ्या छावनीत मानूस मेलंच न्हाई, पाहिजे तर गावाला इचारा, ती बाई तिच्या घरी झोपेत गेली."

मला वाटलं कुनीतरी थोबाडीत दिली. माझेच शब्द! आमी आसारामच्या जिवासाठी जे जुळवलं, ते ह्या सुंदररावाच्या पथ्यावर पडलं. मानसांचा टँकर बंद करनारा तो, आन त्याला झाकनारी मी. लई शिव्या दिल्या मी त्याला. मग जानकीला बी दिल्या.

"तुला काय, लिवून मोकळी व्हशील. आसारामचं काय? त्या मानसाला मी सांगितलंय, झोपेत गेली, सुखानं गेली. त्याच्यावर तर जगतोय तो. ते बी काढून घेऊ?"

"न्हाई," जानकी म्हनली. "तुमी न्हाई म्हनलात तर मी तो भाग काढून टाकते. वरीसभराचं लिवनं म्हशीच्या चाऱ्याचं आन दुधाचं ऱ्हाईल, तेवढंच छापून ईल. तुमच्यावर राग धरनार न्हाई मी. पन पुढल्या दुष्काळात अशीच छावनी उघडंल, आन तिथं बी जाळी जनावरांवरच असंल."

एवढं बोलून ती उठली आन माझ्या मोरीतली भांडी घासाया बसली. तिला दुसरं काही सुचंना.

मी भिताडाला टेकून बसले. छबुचा विचार केला, आसारामचा केला. कुनाच्या बाजूनं बोलू? शेवटी एवढंच ध्यानात आलं, की हे आज न्हाई उद्या त्याच्या कानावर जानारच. सिदूच्या तोंडातनं निघालं म्हंजे टेम्पो जाईल तिथं पोचनार. बाजारात कुनी तरी सांगायच्या आधी मीच सांगावं. मी चप्पल घातली.

"चल," म्हनलं. "फोन घे संगं. पन आधी मी बोलनार. तू तोंड उघडायचं न्हाई."

आसाराम लिंबाखाली बसून म्हशीचं दावं वळत व्हता. मला बघून उठला. "या वैनी. जानकी बी आलीय व्हय? बसा."

बसून बोलायचं म्हनलं तर मला जमलंच नसतं. मी उभ्यानंच बोलले. "भावजी, म्या तुमाला खोटं सांगितलं. छबु घरी न्हाई गेली. ती रातच्याला घरी आल्तीच न्हाई. ती छावनीत गेली, दुपारच्याला, उनात." मग बाकीचं बी सांगितलं, टँकरचं, हौदाचं, समदं. बोलताना त्याच्याकडं बघायची छाती झाली न्हाई.

त्याचे हात थांबले. दाव्याचा पीळ सुटत गेला तरी त्याला भान न्हाई.

"कावून लपवलं वैनी?"

"तुमाला वाईट वाटंल म्हनून हो! दुसरं काय कारन असनार?"

  म्हैस रवंथ करीत व्हती, तो तिच्याकडं बघत राह्यला. मला वाटलं, संपलं, हा मानूस आता माझं तोंड बघायचा न्हाई. मग त्यानं जानकीला म्हनलं, "हे लिवायचंय का तुला?"

"तुमी हो म्हनलात तर, काका."

"लाव फोन."

जानकीनं फोन लावला आन आवाज मोठा करून लिंबाच्या बुंध्यापाशी दगडावर ठिवला. आसारामच आधी बोलला. "साहेब, मी छबुचा नवरा. लिवा तुमी. माझी बायको छावनीत गेली. नाव बी लिवा, पुरं लिवा."

मोहनराव म्हनला, "काका, तुम्ही सांगताय ते मी ऐकलं. पण तुम्ही त्या दिवशी तिथे नव्हतात ना?"

"न्हाई. नव्हतो."

हे दोन शब्द त्यानं असे म्हनले, की माझं काळीज चिरलं.

"मग जे तिथे होते त्यांच्याकडूनच मला ऐकावं लागेल. मंजुळाबाई आहेत का?"

"हाय," मी म्हनले. "आन आज सगळ्याला हो म्हननार न्हाई. इचारा."

त्यानं एक-एक इचारलं. येळ कोनती, तिनं काय सांगितलं, पानी कुठलं प्यायचात. मी एक-एक सांगितलं. जे आठवत न्हाई ते आठवत न्हाई म्हनलं. आसाराम मान खाली घालून ऐकत व्हता, काडीनं जिमीन उकरत व्हता.

"त्या वेळी त्यांच्या जवळ कोण होतं?"

"मी व्हते. तिचं डोकं माझ्या मांडीवर व्हतं. वत्सलाबाई कांदा ठेचून तळपायाला चोळत व्हती. सुभद्राबाई पदरानं वारा घालत व्हती, थांबतच नव्हती बिचारी. गीताबाईनं लुगडं भिजवून अंगावर टाकलं."

"त्या काही बोलल्या?"

"पानी मागितलं. मी ओंजळीनं पाजलं, पिली. मग म्हनली, 'बाई, माझी धार राह्यली.' मी म्हनलं, 'मी काढते गं, तू पड.' तर बरं म्हनली, आन माझा हात धरला. मग काही बोलली न्हाई. हात धरूनच व्हती."

"ठीक आहे," मोहनराव म्हनला.  "आता पुढे..."

"थांबा साहेब." आसाराम एकदम बोलला. काडी टाकून फोनाजवळ सरकला. "ते आत्ताचं परत इचारा."

"कोणतं, काका?"

"कोन कोन व्हतं जवळ, ते."

 आसारामच्या तोंडाचा पार रंग बदलला व्हता. डोळे वाहत व्हते, पन चेहरा कसा सैल झालेला, मी वरीसभरात बघितला न्हाई तसा.

"मला वाटायचं," तो म्हनला, मला का फोनला का लिंबाला, कुनाला म्हनत व्हता देव जाने. "मला वाटायचं, घरात एकलीच व्हती. रातच्याला जाग आली असंल. पानी मागितलं असंल. हाक मारली असंल मला, कुनी ऐकलं नसंल. रोज रात्री मला ती हाक ऐकू यायची, वैनी. तुमी म्हनायचा, सुखानं गेली. एकलं मानूस सुखानं कसं जाईल?"

अरं देवा. मी त्याच्या जिवाला थंडावा म्हनून जे दिलं, त्यानंच त्याला वरीसभर जाळलं! मला हुंदका आवरेना. जानकीनं तोंडावर ओढनी दाबून धरली.

"इचारा की साहेब," आसाराम म्हनला.

मोहनरावानं सावकाश, एक-एक शब्द, जसं पयल्यांदाच इचारतोय तसं इचारलं, "मंजुळाबाई, त्या वेळी छबुबाईंच्या जवळ कोण कोण होतं?"

मी डोळे पुसले, आसारामसमोर मांडी घालून बसले, आन परत एकेकीचं नाव घेऊन सांगाया लागले.